बाजरीवर गहू

गिरणीतून बाहेर आले की ते आधी अंगावरचं पीठ झटकायचे. मग गल्लीच्या मधोमध एका ठरावीक जागी जाऊन उभे राहायचे आणि उजव्या पायाची टाच जोरात जमिनीवर आपटायचे. मान तिरकी करून ऐकायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "मुकी आहे. मेलेली नाही."

नवखा माणूस हे पाहून दचकायचा. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आलेल्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "ताई, ते समोरचे आजोबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत. फक्त रागावलेत."

"कधीपासून?"

"तू दुपट्यात होतीस तेव्हापासून."

तिला गंमत वाटली. तुम्हालाही वाटत असेल. पण प्रत्येक जुन्या गावात असा एक माणूस असतोच. बाकीचे 'जाऊ द्या हो' म्हणून मोकळे होतात आणि हा एकटा जाऊ देत नाही. आमच्याकडे हे काम गिरणीवाल्यांकडे होतं. त्यांना नाव होतं, पण गल्लीत ते कोणी वापरत नसे. मोठी माणसं गिरणीवाले म्हणायची, आम्ही काका म्हणायचो.

आता ते काय ऐकायचे ते सांगते. जुन्या नाशकाच्या पोटात रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधलेला दगडी हौद, पेशव्यांच्या काळातला. वर्षभर त्याच्यावर जाड फळ्या, फळ्यांवर माती आणि मातीवरून आपली रोजची वर्दळ. रंगपंचमी आली की माती काढायची, फळ्या उचलायच्या, हौद धुऊन पाण्यानं भरायचा आणि त्यात रंग ओतायचा. इतर गावांत लोक एकमेकांवर रंग उडवतात, आम्ही माणसंच रंगात उडवतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमचा नारिंगी. हरसूलकडून पळसाची फुलं पोत्यांनी यायची, गल्लीच्या तोंडाशी मोठ्या कढईत उकळायची, आणि दोन दिवस आमच्या केसांना, अंथरुणाला आणि भाताला तोच वास यायचा. पाय पोटाशी घेऊन धप्पकन उडी मारायची, याला धप्पा म्हणतात. एकदा धप्पा मारला की कानामागचा रंग गुढीपाडव्यापर्यंत जात नसे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला लागले तेव्हाही मी नारिंगी कानांनीच साहेबांसमोर उभी राहिले होते. साहेब विदर्भातले. त्यांना कावीळ वाटली.

या रहाडीचा मान काकांच्या घराण्याकडे. उघडायची त्यांनी, पूजा त्यांनी करायची, पहिली उडी कोणाची तेही त्यांनीच सांगायचं. गल्लीतल्या प्रत्येक पोराची पहिली उडी काकांच्या हातात पडलेली. ते देवळाकडच्या कोपऱ्यात छातीभर पाण्यात उभे राहायचे, दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचे, "मार उडी. मी आहे." आमच्या वेळी मुलींना कोणी उडी मारू देत नसे. काकांनी मला नुसतं विचारलं, "मारायची आहे?" मी हो म्हणायच्या आत मला वाटतं मी पाण्यात होते.

एकानंच कधी उडी मारली नाही. तो बाळू. दर वर्षी काठापर्यंत यायचा आणि पळून जिन्यात लपायचा. एका वर्षी काकांनी हट्टच धरला. हात वर करून उभे राहिले, "मार बाळू, मी आहे," म्हणत राहिले. बाळू काठावर उभा राहिला, थरथरला आणि त्याची चड्डी ओली झाली. गल्ली हसली. काकाही हसले, आणि त्यांचं हसणं गिरणीच्या पट्ट्यासारखं, सुरू झालं की लवकर थांबत नसे. बाळू हसणाऱ्यांपैकी फक्त काकांकडे पाहत होता. मी शेजारी उभी होते म्हणून मला ते दिसलं.

डूख धरणारी माणसं एका गल्लीत दोन असू नयेत. आमच्यात होती.

बाळूचा पुढे बाळूशेठ झाला. जुनी घरं घ्यायची, पाडायची, वर इमारत बांधायची. आमच्याच गल्लीत त्यानं तसं एक घर पाडलं. गल्लीतले निम्मे लोक त्याचे भाडेकरू, उरलेल्यांची पोरं त्याच्याकडे नोकरीला. एकदा काका आणि काकू येवल्याजवळ काकूंच्या माहेरी लग्नाला गेले होते. तेवढ्या दोन-तीन दिवसांत बाळूशेठनं रहाडीच्या फळ्या उचलल्या, पाडलेल्या घराचा सगळा राडारोडा आत लोटला आणि वरून गल्ली सिमेंटनं लिंपून घेतली. मी ड्युटीवरून आले तेव्हा सिमेंटवर पाणी मारणं चाललं होतं.

काका परत आले ते पिशवी हातात असतानाच त्या जागी गेले. टाच आपटली. फळ्यांवर आपटली की खालून ढोलासारखा आवाज यायचा, आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. आज आलाच नाही. त्यांनी पुन्हा आपटली. काकू म्हणाल्या, "अहो, घरी चला." ते घरी गेले नाहीत, तडक बाळूशेठच्या दारात गेले.

"कोणाला विचारून?"

"काका, गाड्या वळवायला जागा नव्हती. फळ्या मोडून कोणी आत पडलं असतं तर? तुमच्याच नावानं ओरडले असते."

"कोणाला विचारून, बाळू?"

बाळूशेठ तेव्हा हसला. "कागदावर कुठं आहे तुमची रहाड? दाखवा, उद्या उकरून देतो."

कागदावर कुठंच नव्हती. लोकांनी जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पायाखाली ठेवली ती कागदावर कशाला लिहितील? काका आणि मी दोन-तीन कार्यालयांत जाऊन आलो. एकानं काकांना विचारलं, "पण आजोबा, होळी झाल्यावर घरच्या नळाखाली रंग खेळलं तर नाही का चालत?" काका उठले. बाहेर पायरीवर बसून त्यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली आणि मला म्हणाले, "ही रहाड उघडणार. आणि पहिली उडी त्याची."

पहिली उडी हा मान आहे. काकांच्या तोंडून तो शिक्षेसारखा निघाला.

तोवर मधल्या काळाचं काय? सूड म्हटलं की लोकांना कोर्टकचेरी आठवते, मारामारी आठवते. काकांकडे गिरणी होती.

गिरणीत दळण टाकणाऱ्या बायकांना एक गोष्ट सांगावी लागत नाही, तरी त्या दर वेळी सांगतात, "गहू गव्हावरच दळा हं." कारण गिरणीच्या पोटात आधीच्या दळणाचं थोडं पीठ अडकलेलं असतं. गव्हाच्या आधी बाजरी दळली असेल तर ती पुढच्या गव्हात उतरते. पोळी काळपट होते, कडवट लागते, फुगता फुगत नाही. चांगला गिरणीवाला म्हणून सगळे गहू एकामागून एक घेतो आणि बाजरी-ज्वारी शेवटी. काका चांगले गिरणीवाले होते. अख्ख्या गल्लीचा गहू गव्हावर. एकट्या बाळूशेठचा डबा बाजरीवर.

मला हे कळलं ते बाळूशेठच्या बायकोमुळे. ती एकदा माझ्याकडे पोळी घेऊन आली. "ताई, बघा ना. गहू चांगल्यातला लोकवन. तुमच्या पोळ्या अशा पांढऱ्या आणि माझ्या अशा का होतात? हे रोज ताटावरून ओरडतात."

मी पोळी हातात घेतली, मोडून पाहिली आणि मला सगळं समजलं. मी म्हटलं, "तवा बदलून बघ."

तिनं तवा बदलला. मग गहू बदलला. पाकिटातलं पीठ आणून पाहिलं, तर सासूनं ताट बाजूला सारलं. घरघंटी घेतली, ती सारखी गरम व्हायची आणि खालच्या मजल्यावरचे भांडायला यायचे. शेवटी डबा पुन्हा काकांकडे. डबा टेकवताना ती बिचारी दर वेळी म्हणायची, "काका, गव्हावर हं." आणि काका दर वेळी म्हणायचे, "ठेवून जा बेटा."

काकूंना ते पटत नव्हतं. डबे लावणं, वजन करणं, पीठ चाळून पाहणं हे सगळं काम काकूंचं. त्या म्हणायच्या, "अहो, पोरीनं काय केलंय? तिला बोलणी बसत्यात."

"खातो कोण?"

"तो बी खातो, ती बी खाती."

"मग तिनं त्याला विचारावं, पोळी काळी का होते. त्याला उत्तर माहीत आहे."

मला विचाराल तर मी काकांच्या बाजूनं होते. आमच्या घराण्यात क्षमा करायची पद्धत नाही. माझ्या आईची येवल्याची पैठणी एका लग्नात नेसायला म्हणून नेऊन नणंदेनं हळदीचा डाग पाडून आणली. आई तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाही, आणि मरताना मला म्हणाली, तूही बोलू नकोस. तेव्हा बाळूशेठच्या ताटातली काळी पोळी आठवून मी माझी पांढरी पोळी किती चवीनं खाल्ली असेल ते समजून घ्या. रस्त्यावरून जाताना त्या जागी माझाही पाय आपोआप जड पडायचा.

पण एक छोटा पितळी डबाही होता. तो बाळूशेठच्या आईचा. म्हातारीला दात नव्हते, ती पोळी दुधात कुस्करून खायची. हा डबा काका सकाळी गिरणी उघडल्यावर सगळ्यात आधी घ्यायचे, स्वतःच्या घरचे चार मुठी गहू आधी घालून गिरणी साफ करून. तिचं पीठ रेशमासारखं निघायचं. एका घरात एकाच दिवशी दोन रंगांच्या पोळ्या व्हायच्या आणि बाळूशेठच्या बायकोला आणखीच कोडं पडायचं. मी काकांना म्हटलं, "हे काय? शत्रूच्या घरी पंक्तिप्रपंच?"

"तिनं काय केलंय?" काका म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस तिनं मला वाढलंय."

त्यांचा राग असा मोजून-मापून होता. ज्याचा त्यालाच पोचायचा.

वर्षं गेली. दर रंगपंचमीला इतर रहाडींवर ढोल वाजायचे. काका त्या दिवशी गिरणी बंद ठेवून सिमेंटवर खुर्ची टाकून बसायचे. कोणी रंग लावायला आलं तर हात धरायचे, "आपला रंग नाही हा." पिठानं त्यांची छाती भरत गेली. खोकला लागला की संपायचा नाही. टाच आपटायचे तेव्हा भिंतीला धरावं लागायचं. तरी म्हणायचे, "मुकी आहे. मेलेली नाही."

मग सिंहस्थ जवळ आला आणि गावभर खोदकाम सुरू झालं. नवी गटार टाकायला आमचीही गल्ली खोदली. यंत्राच्या दातांना राडारोडा लागला, मग एक घडीव दगडाची कड. यंत्र चालवणारा थांबला. आम्ही काकांना खुर्चीसकट उचलून काठाशी आणलं. त्यांनी वाकून पाहिलं. दगडावर, इतकी वर्षं मातीत राहूनही, नारिंगी झाक होती. काका रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. डोळे पुसून त्यांनी काकूंना जवळ बोलावलं.

"पहिली उडी त्याची. विसरू नकोस."

"नाय विसरत."

पौषात काका गेले. रहाड अर्धी मोकळी झाली होती.

आता खरी चीड येण्यासारखी गोष्ट ऐका. जुनी रहाड सापडली म्हणून पेपरात फोटो आले. निवडणुकीचे वारे वाहत होते. आणि बाळूशेठ एका सकाळी कामगार घेऊन हजर! राडारोडा काढायचा खर्च त्याचा, फळ्या त्याच्या, गल्लीच्या तोंडाशी हात जोडलेला फलक त्याचा, 'आपला वारसा, आपला अभिमान'. ज्यानं गाडली तोच शोधणारा झाला. कामगार ट्रॅक्टरमध्ये जो राडा भरत होते त्यात निळ्या फुलांच्या फरशीचे तुकडे निघाले. त्यानं पाडलेल्या घराच्या न्हाणीतली फरशी, आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. मी एक तुकडा उचलून धुतला आणि आमच्या खिडकीत ठेवला, रस्त्यावरून दिसेल असा. बाळूशेठनं येता-जाता तो पाहिला.

रंगपंचमीला गल्ली माणसांनी फुलून गेली. हरसूलहून फुलं आली होती. उकळलेल्या पळसाचा वास नाकात शिरला आणि मी दिवसभर विनाकारण लोकांवर खेकसत राहिले. दुसरं काही केलं असतं तर रडले असते. मंडप घातला होता, कॅमेरेवाले होते, बाळूशेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. नारळ तो फोडणार, पहिली उडी त्याच्या मंडळाची पोरं मारणार, असा बेत. पूजेचा मान घराण्याचा म्हणून काकूंना पुढं बोलावलं. विधवा बाईनं पूजा कशी करायची म्हणून कोणीतरी कुजबुजलं. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. हळदकुंकू पाण्यात सोडलं, फूल सोडलं आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

"ह्यांची शेवटची इच्छा व्हती," त्या म्हणाल्या. "पहिली उडी बाळूची."

बाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा मान! कॅमेरे वळले. गल्लीतल्या आम्हा लोकांना मात्र त्या वाक्याचा अर्थ माहीत होता आणि बाळूशेठला तर पुरता माहीत होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"काकू, मला बीपी आहे. पोरं मारतील की."

"मान पोरांचा नाय. तुझा हाय."

"कपडे तरी..."

"मार उडी, बाळू."

तो काठाशी आला. पाण्याकडे पाहिलं. तसाच थरथरला, मी शपथेवर सांगते, अगदी तसाच. कोणी हसलं नाही. मी टाच आपटली. शेजारच्या शिंपिणीनं आपटली. मग गल्लीतल्या सगळ्यांनी, जे इतकी वर्षं तोंड मिटून होते त्यांनीही, धप्प, धप्प, धप्प. बाहेरच्यांना वाटलं हा इथला रिवाज असेल, तेही आपटू लागले. मागं फिरायला जागा राहिली नाही आणि बाळूशेठनं डोळे मिटून उडी मारली.

वर आला तो नखशिखांत नारिंगी. पांढरे कपडे, मिशी, सोन्याची साखळी, सगळं एका रंगात. धाप लागली होती. त्यानं हात वर केला, कोणाचा तरी आधार चाचपला आणि देवळाकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्याच्या नकळत पाहिलं असेल. तिथं नुसतं पाणी हलत होतं. मीही तिकडेच पाहत होते. एवढा एक क्षण मला त्याचा राग आला नाही, आणि या गोष्टीचाही मला पुढं राग आला.

आठ-दहा दिवसांनी मी दळण घेऊन गिरणीत गेले. काकू एकट्याच होत्या, पट्ट्याच्या आवाजात काकांच्या स्टुलावर बसलेल्या. बाहेर फळ्या बसवून, माती घालून रहाड पुन्हा झाकली होती. येताना मी टाच आपटून पाहिली होती. ढोलासारखी बोलली.

बाळूशेठची बायको आली. तिनं डबा टेकवला. म्हणाली, "ह्यांच्या कानातला रंग काही जात नाही हो काकू. गव्हावर घ्याल ना?"

"ठेवून जा बेटा," काकू म्हणाल्या.

ती गेल्यावर काकूंनी कोपऱ्यातून बाजरीची पिशवी ओढली. सुपात बाजरी घेतली आणि गिरणीच्या तोंडात ओतली. ती सरल्यावर बाळूशेठचा डबा उचलला.

मी म्हटलं, "काकू, आता कशाला? उडी मारली ना त्यानं. फिटलं की."

काकूंनी डबा रिकामा केला आणि हात झटकले.

"उडीचं फिटलं," त्या म्हणाल्या. "दळणाचं थांबव म्हणून ह्यांनी सांगितलं नाय."